साळवेसाहेबांचा डावा मागचा

साळवेसाहेबांच्या घरात कोणतीही वस्तू एकट्याच्या मताने निकालात निघत नाही. फाटलेले पायपुसणे असो, काड्या मोडलेली छत्री असो, की दांडा निखळलेला कुकर असो; तिच्यावर तीन सदस्यांचा बोर्ड बसतो, तिची प्रत्यक्ष पाहणी होते, तिच्या सेवेची वर्षे वाचून दाखवली जातात, आणि मगच ती कचऱ्याच्या डब्याकडे जाऊ शकते. जाऊ शकते, इतकेच. गेली चार वर्षे मी या बोर्डाचा सदस्य आहे आणि या काळात आमच्या हातून तीनच वस्तू निकालात निघाल्या. त्यांतली एक बादली होती, आणि ती बैठकीच्या आदल्या दिवशी स्वतःहून दुभंगली होती.

साहेब मूळचे नगरकडचे. शांतवन साळवे हे त्यांचे पूर्ण नाव. केंद्र सरकारच्या एका खात्यात, भांडार शाखेत त्यांनी चौतीस वर्षे काढली आणि निवृत्त झाल्यावर गाझियाबादच्या बाजूला आमच्या सोसायटीत ते स्थायिक झाले. ज्यांनी दिल्लीत सरकारी नोकरी केली आहे त्यांना ‘कंडेम’ या शब्दाचे वजन सांगायला नको. कचेरीतली मोडकी खुर्ची फेकता येत नाही; ती कंडेम, म्हणजे कागदोपत्री निकामी, करावी लागते, त्यासाठी बोर्ड नेमावा लागतो, आणि बोर्ड बसेपर्यंत त्या खुर्चीवर कोणीतरी तोल सांभाळत बसावे लागते. बाकीचे लोक निवृत्तीच्या दिवशी हे सगळे मागे ठेवून येतात. साहेब ते घरी घेऊन आले.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते बगलेत फाइल घेऊन दारात उभे राहिले.

“सरकारी ना तुम्ही?”

“हो.”

“सही करण्याचा अधिकार आहे?”

“थोडाफार आहे.”

“बिल्कुल चालेल. बोर्डावर एक बाहेरचा मेंबर लागतो. संध्याकाळी सहा वाजता मिक्सर आहे.”

मला नाही म्हणायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. त्या दिवसापासून साहेबांनी मला नावाने हाक मारलेली नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी मी ‘मेंबर’ आहे.

बोर्डाच्या अध्यक्षा रूथवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या बैठकीला हातातली पोळी टाकून येतात आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. मिक्सरची बैठक मला आजही आठवते.

“मिक्सर,” साहेबांनी फाइलमधून वाचले, “अभिषेकच्या दहावीच्या वर्षी रुजू झाला.”

“आता तो फक्त ओरडतो,” वहिनी म्हणाल्या.

“ओरडतो म्हणजे मोटर शाबूत आहे.”

“चटणी होत नाही, अहो.”

“चटणी हे काही त्याचं एकमेव काम नाही.”

“मग दुसरं कोणतं?”

“ते बोर्डाने ठरवायचं. मेंबर, तुमचं मत?”

साहेब माझ्याकडे मोठ्या अपेक्षेने पाहत होते. “थोडं आयुष्य शिल्लक असावं,” असे मी म्हणालो. वहिनींनी मला असे काही न्याहाळले की त्या दिवशीचा बिनसाखरेचा चहा मी तक्रार न करता प्यालो. ‘आयुष्य शिल्लक आहे’ हे साहेबांचे आवडते वाक्य होते, ते मला नंतर कळले. न कळता मी परीक्षेत पहिला आलो होतो.

आता व्हॅनकडे वळतो, कारण साहेब सोसायटीत ओळखले जातात ते या व्हॅनमुळे. राखाडी रंगाची, तेरा वर्षांची, धुऊनपुसून लख्ख ठेवलेली ही व्हॅन पार्किंगमध्ये उभी असे तेव्हा शेजारच्या गाडीच्या कानात काही सांगायला वाकल्यासारखी दिसे. याचे कारण तिच्या मागच्या ॲक्सलवर होते. उजवीकडे कंपनीने सांगितलेल्या मापाचा टायर, आणि डावीकडे बुटका. रिम तीच, पण टायरची उंची कमी. त्यामुळे डावी बाजू जमिनीला दीड सेंटिमीटरने अधिक जवळ. दीड सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटते. पण गाडीत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तुमची पिशवी डावीकडे सरकते, मग पाण्याची बाटली, आणि गुरुग्रामपर्यंत जायचे असेल तर हळूहळू तुम्हीही.

सोसायटीचा प्रत्येक नवा चौकीदार पहिल्या दिवशी धावत येई. “साबजी, पीछे हवा कम है.”

“हवा पूरी है. टायर छोटा है.”

“तो बडा लगवा लो साबजी.”

“क्यों? छोटे को नौकरी से निकाल दूँ?”

शिकल्यासवरल्या माणसांसाठी साहेबांकडे सिद्धांत असत. गाडी डावीकडे कललेली असली की छतावरचे पावसाचे पाणी डावीकडे ओघळते, उतरणाऱ्या ड्रायव्हरच्या डोक्यावर पडत नाही, हा पहिला. फुटपाथच्या बाजूला पायरी खाली येते, म्हणून वहिनींच्या गुडघ्यांना बरे पडते, हा दुसरा. या दुसऱ्या सिद्धांतावर वहिनींनी माझ्यादेखत इतकेच म्हटले होते की आपण पुढे बसतो, आणि पुढची दोन्ही चाके सारखी आहेत. एकदा आनंद विहारच्या चौकात वाहतूक पोलिसाने हात केला. “अंकल, ये टेढी क्यों चल रही है?” साहेबांनी काच खाली केली आणि त्याला समजावले, “टेढी नहीं है बेटा. झुकी हुई है.” पोलिसाने गाडीभोवती एक फेरी मारली, त्याला कोणते कलम लावावे ते सुचले नाही, आणि त्याने आम्हाला सोडून दिले.

पण हा टायर मुळात आला कुठून, असे कोणी विचारले की साहेबांचे उत्तर ठरलेले असे. “पानिपतला आमचा एक पडला. त्याच्या जागी हा उभा राहिला.” मराठी माणसाला पानिपत हा शब्द ऐकवला की तो पुढचा प्रश्न विचारत नाही, तो स्वतःच काही सांगू लागतो. भाऊसाहेब पेशव्यांनी काय करायला हवे होते यावर अर्धा तास निघून जातो आणि टायर बाजूला राहतो. ही युक्ती आहे हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षे लागली.

लक्षात आले ते एका विसंगतीमुळे. बोर्डाच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय एकच असे : ‘डावा मागचा’. आणि त्यापुढे साहेब चर्चा न करताच लिहीत : ‘स्थगित’. या काळात व्हॅनचे उरलेले तीन टायर मात्र झिजताच बदलले गेले. त्यांच्यासाठी ना सेवेची वर्षे वाचली गेली, ना आयुष्य शिल्लक निघाले. पायपुसण्यासाठी पाऊण तास वाद घालणारा माणूस तीन टायर हसतमुखाने निकालात काढतो आणि चौथ्याचा विषयही निघू देत नाही, हे मला चमत्कारिक वाटे. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला ते सकाळी खाली उतरत, व्हॅनचे दार उघडून मीटरवरचे किलोमीटर कागदावर उतरवून घेत आणि वर जात. सर्व्हिसिंगसाठी असेल, असे मी समजत होतो. विचारायचे धाडस मला झाले नाही.

मध्यंतरी मी याच व्हॅनवर गाडी शिकलो. वय एक्कावन्न. सोसायटीतली अठरा वर्षांची मुले एका हाताने गाडी वळवत असताना माझ्यासारख्याने ‘एल’ची लाल पाटी लावून फिरणे संकोचाचे होते, पण साहेब शेजारी बसले की त्यांना माझ्या संकोचापेक्षा माझ्या क्लचची काळजी जास्त असे.

“स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवा, मेंबर. किंचित. तिला सरळ जायला तेवढी मदत लागते.”

मी मदत करायला शिकलो. दोन महिन्यांत माझ्या मनगटांना ती इतकी अंगवळणी पडली की लायसनच्या परीक्षेत, दुसऱ्या एका निर्दोष गाडीत बसून, मी निघालो तो थेट उजवीकडे. सावरले, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्या वेळी तिथल्या अधिकाऱ्याने अतिशय सौजन्याने विचारले, “अंकल, जाना किधर है आपको?”

मी नापास झालो. साहेबांना सांगितले तेव्हा ते क्षणभरही थांबले नाहीत. “गाडी खराब असणार त्यांची.”

दुसऱ्या खेपेला मी पास झालो, पण त्यासाठी मला आठवडाभर एकच गोष्ट घोकावी लागली : ही गाडी सरळ आहे, हिला मदत करायची नाही.

असे सगळे सुखाने चालले असते. पण गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्यांचे नवे घर पाहायला आम्ही तिघे गुरुग्रामला निघालो असताना, गाडीने साठचा वेग घेताच मागून एक बारीक, लांबलचक आवाज येऊ लागला. वेग कमी केला की थांबे, वाढवला की पुन्हा सुरू.

“अहो,” वहिनींनी मागे वळून पाहिले, “कोण रडतंय?”

“कोणी नाही. वारा आहे.”

“वारा ॲक्सलरेटरवर पाय दिला की येतो का?”

दुसऱ्या दिवशी साहेब व्हॅन घेऊन बल्लीजींकडे गेले. मला त्यांनी साक्षीदार म्हणून सोबत घेतले. बल्लीजी हे आमच्या भागातले जुने मेकॅनिक, सत्तरीचे सरदारजी. त्यांनी व्हॅन मागून उचलली, चाके हाताने फिरवून पाहिली, आणि मग मागच्या ॲक्सलच्या मधोमध दातेरी चाकांचा जो लोखंडी गोळा असतो त्यातले तेल एका थाळीत काढले. थाळीतल्या काळ्या तेलात बारीक चकचकीत कण तरंगत होते. बल्लीजींनी बोट बुडवून ते साहेबांपुढे धरले.

“साळवेजी, ये चाँदी नहीं है. ये आपकी गाडी के दाँत हैं.”

बल्लीजी तिथेच स्टुलावर बसले आणि शाळेतल्या मुलाला सांगावे तसे सांगू लागले. “देखो जी. मोड पे बाहरवाला पहिया ज्यादा घूमता है, अंदरवाला कम. ये गोला उसी के वास्ते बना है. सीधी सडक पे इसको आराम मिलता है. अब आपका एक पहिया छोटा. छोटेवाले को बडे के साथ रहने के लिए हर वक्त ज्यादा घूमना पडता है. तो गोले को आराम कब मिले? छह साल से ये बेचारी सीधी सडक पे भी मोड काट रही है.”

“और कितना चलेगी?” साहेबांनी विचारले.

“टायर बदल दो, दाँत मैं ठीक कर दूँगा, बहुत चलेगी. नहीं बदलोगे तो किसी दिन चलती गाडी का पिछला जाम हो जाएगा.” मग त्यांनी हात पुसले. “भाभीजी बैठती हैं न इसमें?”

परतीच्या वाटेवर आम्ही रिक्षात होतो, व्हॅन बल्लीजींकडेच राहिली. साहेबांनी एकही सिद्धांत मांडला नाही.

त्याच संध्याकाळी बोर्ड बसला. वहिनींनी पदर खोचला आणि बैठक सुरू होण्याआधीच मत दिले, “कंडेम.” साहेबांनी माझ्याकडे पाहिले. चार वर्षांत मी त्या नजरेला कधी नकार दिला नव्हता. पण थाळीतले ते कण माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. “कंडेम,” मी म्हणालो. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

साहेबांनी पेन उघडले, फाइलवर टेकवले, आणि ते तसेच राहिले.

“लिहा की,” वहिनी म्हणाल्या.

“लिहितो. पण...” त्यांनी पेन बंद केले. “मग एक तारखेला मी त्याला काय लिहू?”

आणि पाणी आणतो म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. पाणी टेबलावर होते.

वहिनींनी दाराकडे पाहून घेतले आणि आवाज खाली आणला. “तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या आधी बोर्डाचा तिसरा मेंबर अभिषेक होता.”

अभिषेक हा त्यांचा एकुलता एक मुलगा, इंजिनियर, जर्मनीत नोकरीला आहे, एवढेच मला माहीत होते. वहिनींनी पुढचे सांगितले. सहा वर्षांपूर्वी, तो जायच्या दहा दिवस आधी, तिकडच्या थंडीसाठी ब्लँकेटे घ्यायला तिघे पानिपतला गेले. येताना हायवेवर डावा मागचा टायर फुटला. स्टेपनी काढली तर ती पार विरलेली, हवा धरेना.

“त्या स्टेपनीचा विषय बोर्डापुढे आला होता. अभिषेकने कंडेम म्हणून मत दिलं होतं. यांनी स्थगित केला. आयुष्य शिल्लक आहे म्हणे! म्हणजे चूक मुळात कोणाची?”

मी बोर्डाचा सदस्य या नात्याने मान खाली घातली.

“जूनचं ऊन. पोराने चाक काढलं, शेअरच्या टेम्पोत टाकून गावात गेला. दीड तासाने आला तो चाक खांद्यावर घेऊन, चालत. हवं ते माप कुठेच नव्हतं. एकशे पंचेचाळीसच्या जागी एकशे पंचावन्नचा आणला. आकडा मोठा आहे, टायर मोठाच असेल, तेवढा चालेल, असं वाटलं त्याला. पण त्या टायरचा मोठा आकडा रुंदीचा, उंचीला तो बुटका. कोणाच्या लक्षात येतं, सांगा? यांच्या आलं. बाजूच्या ढाब्यावर माणसं बसली होती, त्या सगळ्यांसमोर हे त्याला म्हणाले, ‘इंजिनियर झालास आणि टायरवरचा आकडा वाचता येत नाही. तिकडे जाऊन काय उजेड पाडणार आहेस?’”

स्वयंपाकघरात भांड्याला भांडे लागल्याचा आवाज झाला. वहिनी थांबल्या, मग आणखी हळू बोलू लागल्या.

“अभिषेक एक शब्द बोलला नाही. टायर बसवला, हात धुतले, मागच्या सीटवर जाऊन बसला. विमानतळावर वाकून नमस्कार केला, पण बोलला नाही. माझ्याशी बोलतो हो, रोज फोन करतो. ‘बाबा कसे आहेत’ विचारतो. हे शेजारी बसून मला सांगतात, ‘बरा आहे म्हणावं.’ मध्ये एकदा दहा दिवस येऊन गेला, तर दोघं जण हवामानावर बोलत होते. पाहुण्यासारखे. आणि दर एक तारखेला हे त्याला मोबाइलवर लिहितात, ‘डावा मागचा : इतके इतके किलोमीटर. ठीक चालला आहे.’ तो एक अंगठा पाठवतो. झालं. सहा वर्षं तेच. मी म्हटलं, अहो, सरळ लिहा ना की माझं चुकलं. तर मला म्हणाले, ‘लिहितोच आहे की.’”

त्या ओढाळ व्हॅनमध्ये मी डझनावारी वेळा बसलो होतो, तिच्यावर हसलो होतो, तिच्यापायी परीक्षेत नापास झालो होतो. आणि तिचे प्रत्येक किलोमीटर म्हणजे एक न बोललेली कबुली होती, याची मला कल्पना नव्हती. मुलाने आणलेला टायर चुकीचा नव्हता, तो चालतो, हे सिद्ध करण्यासाठी हा माणूस सहा वर्षे स्टिअरिंग उजवीकडे ओढत होता.

साहेब बाहेर आले. हातात पाणी नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली, फाइल जवळ घेतली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले : ‘डावा मागचा. निकालात काढावा. एकमताने.’ शेवटच्या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली.

आठवडाभरात बल्लीजींनी ॲक्सलचे काम केले, दोन सारखे टायर चढवले आणि व्हॅन सरळ उभी राहिली. चौकीदाराने टाळी वाजवली. साहेबांनी त्याला हात केला, पण त्यांचे लक्ष नव्हते. ते दिवस मोजत होते, आणि आता आम्हीही.

एक तारीख रविवारी आली. चर्चमधली उपासना आटोपून दोघे अकराच्या सुमारास परतले आणि पाचच मिनिटांत माझी बेल वाजली.

“मेंबर, मसुदा बघायचाय.”

टेबलावर चार कागद होते. पहिल्यावर लिहिले होते : ‘विषय : डावा मागचा टायर. उपरोक्त विषयाबाबत कळविण्यात येते की, सदर टायर सेवेतून कमी करण्यात आला आहे.’

“तो मुलगा आहे तुमचा,” वहिनी म्हणाल्या, “खातं नाही.”

दुसरा जास्त लांब होता, आणि त्याच्या शेवटी ‘या प्रकरणी झालेल्या मनस्तापाबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे’ असे वाक्य होते. तिसऱ्यात बल्लीजींचा सगळा गोळा आला होता, आकृतीसह. चौथा कोरा होता.

“मत द्या,” साहेब मला म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. चौतीस वर्षे मसुदे लिहिलेला माणूस.

मला लोकांच्या लिखाणात चुका काढणे आवडत नाही, तोंडावर तर मुळीच नाही. तरी मी तो दुसरा कागद हातात घेतला आणि म्हणालो, “साहेब, यात तुम्ही कुठे आहात?”

ते माझ्याकडे बघत राहिले. आता आपल्याला बोर्डावरून कमी करणार, असे मला वाटले. पण त्यांनी कागद बाजूला सारले, मोबाइल घेतला, आणि एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहायला सुरुवात केली. बराच वेळ गेला. मग त्यांनी मोबाइल आमच्याकडे वळवला :

‘टायर काढला. तू आणलेला टायर सहा वर्षं चालला. त्या दिवशी मी चारचौघांत तुला बोललो. मी तसं बोलायला नको होतं. बाबा.’

“बरोबर आहे?” त्यांनी विचारले. “पाठवायचं का? बोर्डाचं काय म्हणणं?”

वहिनी उठल्या आणि चहाचे कप गोळा करू लागल्या. “बोर्ड उठला. हे तुमचं एकट्याचं.”

साहेबांनी डोळे मिटले आणि बोट टेकवले. संदेश गेला. पोहोचल्याच्या दोन खुणा आल्या, मग त्या निळ्या झाल्या. आम्ही तिघे त्या पडद्याकडे पाहत होतो. अंगठा येईना. एक मिनिट गेले, मग आणखी तीन.

“वाचलं त्याने,” साहेब म्हणाले. मग, “अंगठा तरी यायचा नेहमी.” मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, “जास्त झालं का?”

“नाही, साहेब,” मी म्हणालो. एवढे ठाम मी आयुष्यात क्वचितच काही म्हटले असेल, आणि त्याला आधार काहीच नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर अभिषेकचे नाव होते. साहेबांनी सवयीने तो वहिनींपुढे धरला. “घे, तुझा आहे.”

“माझा आत चार्जिंगला आहे,” वहिनी म्हणाल्या. “हा तुमचा वाजतोय.”

साहेब उभे राहिले. मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी कानाला लावला. “हॅलो,” ते म्हणाले. “हो... मीच बोलतोय.”

मग ते पाठमोरे झाले आणि बाल्कनीच्या दारापाशी गेले. मी निघायला म्हणून उठलो, दारात चपला घालायला वाकलो, आणि त्या दिवशी मला चपला घालायला फार वेळ लागला. साहेब ऐकत होते. मधून मधून “हं” म्हणत होते. एकदा त्यांनी बाहीने डोळे पुसले. एकदा ते म्हणाले, “नाही रे, तुझं नाही,” आणि पुन्हा बराच वेळ ऐकत राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कप हातात धरून उभ्या होत्या. नळ चालूच होता.

हळूहळू साहेबांचे खांदे सैल झाले. ते खुर्चीवर टेकले.

“जेवलास का? ... अरे हो, तिकडे सकाळच. नाही, आमचं व्हायचंय अजून. आज दोडका आहे. ... मी. खरंच मी केलाय, विचार आईला. तिचं मनगट दुखतंय गेला आठवडाभर. ... तिखट झालाय जरा, आणि पाणी फार सुटलं. ... काय सांगतोस, तिकडे दोडका मिळतो? आणि तू स्वतः करतोस?”

त्यांनी मोबाइल खांद्याने कानाशी दाबून धरला, त्या चार कागदांतला कोरा कागद पुढे ओढला आणि खिशातले पेन काढले.

“थांब. सावकाश सांग. कूट आधी घालतोस की नंतर?”